आधी वाचक, मग पुस्तक

२०१४ साली मॅन बुकर पारितोषिकासाठी तेरा कादंबऱ्यांची पहिली यादी जाहीर झाली. तिच्यात पॉल किंग्सनॉर्थ यांची ‘द वेक’ होती. किंग्सनॉर्थ पर्यावरणावर लिहीत, त्यांची वैचारिक पुस्तके प्रसिद्ध झालेली होती. पण कादंबरीकार म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते, कारण ही त्यांची पहिलीच कादंबरी होती. पुस्तक छापून व्हायच्या आधीच काही शे वाचकांनी त्यासाठी पैसे भरले होते. लोकवर्गणीतून निघालेली कादंबरी बुकरच्या यादीत येण्याची ही पहिलीच वेळ.

या कादंबरीचे वेगळेपण समजल्याशिवाय त्या वाचकांनी केवढे धाडस केले ते कळणार नाही. कथा १०६६ सालची आहे. नॉर्मन सैन्याने इंग्लंड जिंकले, गावे जाळली, त्या धामधुमीत लिंकनशायरच्या दलदलीच्या मुलखातला बकमास्टर नावाचा एक जमीनदार सर्वस्व गमावतो आणि रानात शिरून आक्रमकांशी लढू पाहतो. हे सगळे तो स्वतः सांगतो, आणि तेही आजच्या इंग्रजीत नाही. किंग्सनॉर्थ यांनी जुन्या इंग्रजीच्या जवळ जाणारी एक भाषाच घडवली. नॉर्मन फ्रेंचमधून पुढे आलेले शब्द त्यांनी शक्य तितके बाजूला ठेवले, जुन्या लिपीत नसलेली काही अक्षरे टाळली, विरामचिन्हे जवळजवळ काढून टाकली आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडली. मराठीत कोणी लीळाचरित्राच्या काळाशी नाते सांगणारी भाषा घडवून तिच्यात आख्खी कादंबरी लिहिली आणि ती छापा म्हणून प्रकाशकाच्या दारात उभा राहिला, तर त्याला काय ऐकावे लागेल याचा विचार करून पाहावा. ‘द वेक’ला त्याच वर्षी गॉर्डन बर्न पारितोषिक मिळाले, गोल्डस्मिथ्स पारितोषिकाच्या अंतिम यादीतही ती होती आणि मार्क रायलन्स या नामवंत अभिनेत्याने तिचे चित्रपट-हक्क घेतले. पहिली पंधरा-वीस पाने चाचपडत वाचावी लागतात आणि मग ती भाषा कानात बसते, असा बहुतेक वाचकांचा अनुभव आहे.

ही कादंबरी काढली ‘अनबाउंड’ या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने. डॅन कीरन, जस्टिन पोलार्ड आणि जॉन मिचिन्सन या तिघांनी २०११ साली ती सुरू केली. तिघेही लेखन-प्रकाशनाच्या व्यवहारात मुरलेले होते. पद्धत सोपी होती. लेखकाने पुस्तकाची कल्पना, एखादे प्रकरण आणि स्वतः बोललेली छोटी चित्रफीत संकेतस्थळावर ठेवायची. किती पैसे जमले की पुस्तक निघेल तो आकडा संस्था ठरवायची. वाचकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालायची: थोडे पैसे दिले तर ई-पुस्तक, जरा जास्त दिले तर खास बांधणीची प्रत, त्याहून जास्त दिले तर लेखकाच्या सहीची प्रत किंवा त्याच्याबरोबर जेवण. रक्कम पुरी झाली की संपादन, मुखपृष्ठ, छपाई असे नेहमीचे सोपस्कार व्हायचे आणि नफा लेखक व संस्था यांच्यात निम्मानिम्मा वाटला जायचा. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाचे नाव पुस्तकात छापले जायचे. लेखक आपले काम कुठवर आले ते वाचकांना अधूनमधून कळवत असे.

त्यांचे पहिले पुस्तक ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूतल्या टेरी जोन्स यांचे होते, म्हणजे नाव आधीच कमावलेल्या माणसाचे. अनोळखी लेखकांना या वाटेने खरोखर काही मिळते का, हा प्रश्न ‘द वेक’ने निकालात काढला. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, निकेश शुक्ला यांनी संपादित केलेले ‘द गुड इमिग्रंट’ तिथूनच निघाले. ब्रिटनमध्ये वाढलेल्या कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या एकवीस लेखकांचे ते निबंध. त्यासाठी जे. के. रोलिंग यांनी पाच हजार पौंड दिले तेव्हा बातम्या झाल्या, पण पुस्तक उभे राहिले ते साध्या वाचकांच्या छोट्या रकमांवर.

कादंबरीसाठी वर्गणी मागणे इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा अवघड असते. गडकिल्ल्यांवरचे पुस्तक किंवा आजीच्या हाताच्या पाककृती यांचा विषय वाचकाला आधीच हवा असतो, लेखक नवा असला तरी चालते. कादंबरीत आपल्याला नेमके काय हवे होते हे ती वाचून झाल्यावरच कळते. कथानक आधी सांगावे तर रस जातो, न सांगावे तर विश्वास बसत नाही. त्यातून लेखकाचे नाव कोणी ऐकलेले नसले की तारण म्हणून पुढे करायला एक नमुना-प्रकरण आणि स्वतःचा शब्द, एवढेच उरते. उलट प्रकाशकाचा खर्च मात्र पहिली प्रत विकण्याआधीच होऊन बसतो: संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी. मराठीत कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची धरली जाई, आता ती पुष्कळदा पाचशेवर येते. या आकड्यांत नव्या लेखकाची जोखीम घेणे प्रकाशकाला जड जाते आणि मग लेखक स्वतःचीच बचत मोडून पुस्तक काढतो. कितीतरी चांगल्या कादंबऱ्या याच टप्प्यावर कपाटात राहतात. म्हणूनच मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो.

आधी वर्गणी जमवून पुस्तक काढण्याची ही कल्पना इंटरनेटची नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ती रुजलेली होती. पुस्तकाचे पत्रक छापायचे, ग्राहकांची नावे गोळा करायची, बहुधा अर्धी किंमत आधी आणि अर्धी पुस्तक हातात आल्यावर घ्यायची, आणि ग्राहकांची यादी पुस्तकाच्या सुरुवातीला मानाने छापायची. कवी अलेक्झांडर पोप यांनी होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत असेच काढले. ५७५ ग्राहकांनी खंडामागे एक गिनी दिली आणि पोप यांना आयुष्यभराचे आर्थिक स्वातंत्र्य मिळाले. पण पोप आधीच प्रसिद्ध होते. या पद्धतीचा खरा चमत्कार दिसतो तो ज्यांना कोणी ओळखत नव्हते त्यांच्या बाबतीत.

स्कॉटलंडमधला सत्तावीस वर्षांचा एक शेतकरी १७८६ साली इतका कंगाल झाला होता की जमैकाला जाऊन मळ्यावर हिशेबनीस व्हायचे त्याने ठरवले होते. त्याने एप्रिलमध्ये आपल्या कवितांचे पत्रक काढले, मित्रांनी घरोघर फिरून नावे जमवली आणि ३१ जुलैला किल्मारनॉक गावच्या छापखान्यातून तीन शिलिंग किमतीच्या ६१२ प्रती बाहेर पडल्या. महिन्याभरातच त्या जवळपास संपल्या. त्याचे जमैकाला जाणे रद्द झाले. तो रॉबर्ट बर्न्स. स्कॉटलंडमध्ये आजही दर २५ जानेवारीला त्याचा जन्मदिवस मेजवानीने साजरा होतो.

ओलाउदा इक्वियानो यांची गोष्ट तर याहून थक्क करणारी आहे. गुलामगिरीत विकले गेलेले इक्वियानो स्वतःची किंमत मोजून मुक्त झाले आणि त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. १७८९ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा ग्राहकांच्या यादीत ३११ नावे होती आणि त्यांत युवराजांपासून गुलामगिरीविरोधी चळवळीच्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळे होते. स्वामित्वहक्क त्यांनी स्वतःकडेच ठेवला, ब्रिटन आणि आयर्लंडभर गावोगाव फिरून पुस्तक विकले आणि आपल्या हयातीत त्याच्या नऊ आवृत्त्या पाहिल्या. ज्याला एकेकाळी दुसऱ्याची मालमत्ता म्हणून मोजले गेले, तो माणूस आपल्या शब्दांचा मालक राहिला.

सगळ्यांना हे साधले नाही. बोस्टनमधल्या फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीच्या कवितासंग्रहासाठी १७७२ मध्ये ३०० ग्राहक मागितले गेले, पण तिथल्या गोऱ्या वाचकांनी पाठ फिरवली. पुढच्या वर्षी एका उमराव स्त्रीच्या पाठबळाने तो लंडनला छापला गेला. ज्या समाजाकडे वर्गणी मागायची त्याच समाजाने लेखकाला माणूस मानायचे नाकारले, तर ही पद्धत लुळी पडते. हे आजही खरे आहे.

कादंबरीचे ठळक उदाहरण फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचे. १७७८ साली त्यांनी आपली पहिली कादंबरी निनावी छापली तेव्हा प्रकाशकाने त्यांच्या हातावर फार थोडी रक्कम टेकवली होती. १७९६ मध्ये पाच खंडांची ‘कॅमिला’ काढताना मात्र त्या थेट वाचकांकडे गेल्या. एका गिनीला संच होता, हजारावर ग्राहक मिळाले आणि त्या उत्पन्नातून त्यांनी सरे परगण्यात घर बांधले. त्या घराला कादंबरीचेच नाव पडले. त्या यादीत स्टीव्हन्टन गावची एक वीस वर्षांची मुलगी आहे: मिस जे. ऑस्टिन. जेन ऑस्टिन यांचे तोवर एकही पुस्तक निघालेले नव्हते. दुसऱ्या लेखिकेच्या कादंबरीसाठी आधी पैसे भरणारी ही वाचक पुढे त्याच भाषेतली थोर कादंबरीकार झाली आणि ‘नॉर्थँगर ॲबी’त तिने ‘कॅमिला’चा गौरवाने उल्लेख केला.

एकोणिसाव्या शतकात छपाई स्वस्त झाली, फिरती वाचनालये आणि मासिके वाढली, प्रकाशकांच्या हाती भांडवल आले आणि वर्गणीची ही पद्धत मागे पडली. ती पुन्हा उसळून आली २००९ मध्ये. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ‘किकस्टार्टर’ सुरू झाले. त्याचा मुख्य नियम असा की ठरलेल्या मुदतीत मागितलेली पूर्ण रक्कम जमली तरच पैसे लेखकाला मिळतात. एक डॉलर जरी कमी पडला तरी वाचकांच्या खात्यातून काहीच कापले जात नाही. यशस्वी मोहिमेतून संकेतस्थळ पाच टक्के घेते, पैशांची देवघेव करणाऱ्या कंपनीचे शुल्क वेगळे. हा नियम वरवर कठोर वाटतो, पण त्यात दोघांचे रक्षण आहे. निम्म्याच पैशांत पुस्तक काढायची पाळी लेखकावर येत नाही आणि अर्धवट कामात वाचकाचे पैसे अडकत नाहीत.

संकेतस्थळ काही महिन्यांचे असतानाच रॉबिन स्लोन या सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुणाने एक लघुकादंबरी लिहायचे जाहीर केले. मागणी साडेतीन हजार डॉलरची होती. ५७० जणांनी मिळून जवळजवळ चौदा हजार दिले. पुस्तक लिहिता लिहिता तो त्यांना हकीगत कळवत राहिला, आणि तीनच वर्षांनी ‘मिस्टर पेनम्ब्राज ट्वेंटी-फोर अवर बुकस्टोअर’ ही त्याची कादंबरी न्यूयॉर्कच्या एका मातब्बर प्रकाशनसंस्थेने काढली.

बेकी चेंबर्स यांना पैसे हवे होते ते वेगळ्याच कारणासाठी. त्या फुटकळ लेखनाची कामे घेऊन पोट भरत. २०१२ मध्ये मधली कामे आटली आणि अर्धी लिहिलेली अंतराळ-कादंबरी सोडून नोकरी शोधायची वेळ आली. त्यांनी किकस्टार्टरवर मागितले ते थोडे आठवडे घरखर्च भागेल एवढेच. मोजक्या लोकांनी, तेही बहुतेक अनोळखी, ती रक्कम पुरी केली. कादंबरी संपली, २०१४ मध्ये त्यांनी ती स्वतःच प्रसिद्ध केली, पुढच्या वर्षी हॉडर अँड स्टॉटन या ब्रिटिश प्रकाशकाने उचलली, आणि ‘द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट’पासून सुरू झालेल्या मालिकेला २०१९ मध्ये विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्या मोजक्या लोकांनी कागद किंवा शाई विकत घेतली नव्हती. त्यांनी एका लेखिकेला सकाळी उठून लिहायला बसता येईल असे दिवस मिळवून दिले. माझ्या मते लोकवर्गणीचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे. छपाईचा खर्च आता पूर्वीइतका आवाक्याबाहेर नाही, मागणीनुसार एकेक प्रतही छापता येते. लेखकाचा वेळ मात्र दिवसेंदिवस महाग होत चालला आहे.

या विषयावर बोलताना हटकून सांगितला जाणारा आकडा ब्रँडन सँडरसन यांचा असतो. मार्च २०२२ मध्ये त्यांनी गुपचूप लिहिलेल्या चार कादंबऱ्यांसाठी महिनाभरात चार कोटी सतरा लाखांहून अधिक डॉलर जमवले, १,८५,३४१ वाचकांकडून. पण सँडरसन तेव्हा लाखो प्रती खपणारे लेखक होते. नव्या लेखकाने या आकड्याकडे पाहून मोहीम आखू नये. त्याची गर्दी फार लहान असते आणि तीही आपोआप जमत नाही. पहिल्या दिवशी पैसे भरतात ते नातेवाईक, शाळूसोबती, सहकारी. त्यांनी आकडा हलता ठेवला तर मित्रांचे मित्र येतात, आणि मग कधीतरी खरोखर अनोळखी वाचक येतो. महिनाभर लेखकाला रोज लोकांपुढे हात पसरावा लागतो. संकोची माणसाला हे फार जाचते, आणि चांगले लिहिणारे कितीतरी जण संकोची असतात. पुस्तक निघाल्यावर पाकिटे भरणे, पत्ते तपासणे, टपालखर्च भरणे हेही त्याच्याच गळ्यात. परदेशी टपालाचा हिशेब चुकल्यामुळे जमलेली रक्कम पुरेनाशी झाली, असे अनेक मोहिमांत घडले आहे.

मराठीत या वाटेची स्वतःची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मराठी ग्रंथांत आश्रयदात्यांच्या आणि वर्गणीदारांच्या याद्या सापडतात. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ उभा केला तो मर्यादित कंपनी काढून, भाग विकून आणि गावोगाव ग्राहक मिळवून. पुढे त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. आणि सत्तरच्या दशकात दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर आदींनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. सभासद वाचक आगाऊ वर्गणी भरत आणि त्यांना पुस्तके कमी किमतीत मिळत. याच चळवळीने १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ काढले आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. कैकाडी समाजातल्या एका तरुण कार्यकर्त्याचे ते पहिलेच पुस्तक होते आणि लगेच १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ही आत्मकथने आहेत, कादंबऱ्या नव्हेत. पण लंडनमध्ये इक्वियानोंच्या बाबतीत जे घडले तेच महाराष्ट्रात पुन्हा घडले: ज्या आवाजाला साहित्याच्या माजघरात जागा नव्हती, त्याच्यापाठी आधीच संघटित झालेला वाचक उभा राहिला.

आज किकस्टार्टरवर प्रकल्प मांडता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लेखकाला ते दार उघडे आहे, साताऱ्याच्या किंवा फोंड्याच्या लेखकाला नाही. आपल्याकडची जी संकेतस्थळे आहेत त्यांवर वैद्यकीय मदतीची आवाहने जास्त दिसतात. त्यामुळे मराठी लेखक जुनाच रस्ता नव्या साधनांनी चालतो: प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात, व्हॉट्सॲपवर नोंदणी, यूपीआयने पैसे. यात मध्यस्थ नसल्याने शुल्क वाचते, पण रक्कम पुरी झाली नाही तर पैसे परत मिळतील याची व्यवस्थाही नसते.

ही व्यवस्था किती गरजेची आहे ते अनबाउंडच्या शेवटाने दाखवले. मार्च २०२५ मध्ये ती संस्था दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ‘बाउंडलेस’ नावाच्या नव्या कंपनीने तिचा कारभार घेतला, पण त्याच वर्षी तीही बंद पडली. अनेक लेखकांचे मानधन थकले आणि न निघालेल्या पुस्तकांसाठी पैसे भरलेले वाचक रिकाम्या हाताने राहिले. ‘द वेक’ला जन्म देणारी संस्था अशी संपावी याचे फार वाईट वाटते. वाचकांचे आगाऊ पैसे हे त्या त्या पुस्तकाची ठेव असतात. ते वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत आणि संस्थेच्या भाड्याला किंवा पगाराला लागता कामा नयेत. कोणत्याही भाषेत ही पद्धत टिकायची असेल तर एवढा दंडक पाळावाच लागेल.

म्हणून वाचकांना एक विनंती. एखाद्या अनोळखी कादंबरीकाराचे नोंदणीचे आवाहन तुमच्यापर्यंत आले तर ते वाचल्याशिवाय पुढे सरकवू नका. नमुना-प्रकरण मागवा आणि शांतपणे वाचा. हस्तलिखित पूर्ण आहे का, पैसे कोणाच्या खात्यात राहतील, पुस्तक निघाले नाही तर ते कधी आणि कसे परत मिळतील, हे लेखी विचारा. उत्तरे सरळ असतील आणि ते प्रकरण तुम्हाला पुढे वाचावेसे वाटले असेल, तर एका प्रतीचे पैसे भरा आणि वर्गणीदारांच्या यादीत आपले नाव येऊ द्या.